‘एरिया बिघडला’ म्हणजे नेमके काय घडले? शिकागोच्या तीन शेजारी वस्त्यांची गोष्ट

रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर गप्पा सुरू होतात आणि फिरून फिरून घराचा विषय निघतोच. कुणी बदलापूरला फ्लॅट बघून आलेला असतो, कुणाला ब्रोकरने आधी आडनाव विचारलेले असते, कुणाला आडनाव सांगितल्यावर परत फोनच आलेला नसतो. अशाच गप्पांत एखादा तरुण, अगदी आपल्यातलाच, चांगला शिकलेला, सहज बोलून जातो: "पण आपले लोकही एकाच ठिकाणी गर्दी करतात ना. आपली घरं वाढली की बाकीचे निघून जातात, भाव पडतो. जगात सगळीकडे असंच आहे."

हे वाक्य समोरच्या छावणीतून आले असते तर उत्तर द्यायला वेळ लागला नसता. ते आपल्याच पोराच्या तोंडून आले, म्हणून आम्ही त्यावर बरेच दिवस विचार करत राहिलो. ‘भाव पडतो’, ‘एरिया बिघडतो’, ‘लोक निघून जातात’ या सगळ्या वाक्यांत कर्ताच नाही. पाऊस पडावा तशी वस्ती आपोआप बदलते, असे ऐकणाऱ्याला वाटते. भाव कोण पाडतो, लोकांना निघून जायला कोण सांगतो, हे विचारायचे राहूनच जाते.

‘जगात सगळीकडे’ म्हटले आहे, तर जगातच जाऊन पाहू. वस्त्यांची वांशिक लोकसंख्या कशी बदलते, याचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे. त्यातही शिकागोचा. आणि अमेरिका आपल्याला या बाबतीत परकी नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे, आणि नेमक्या त्याच वर्षांत हार्लेम गोऱ्यांच्या वस्तीतून कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बदलत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले, त्यात अस्पृश्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख आहे. तेव्हा ही तुलना आम्ही नव्याने करतो आहोत असे नाही.

एकाच टाउनशिपची तीन गावे

शिकागोच्या पश्चिम वेशीवर ऑस्टिन, सिसेरो आणि ओक पार्क अशा तीन वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. एकोणिसाव्या शतकात या तिन्ही ‘सिसेरो टाउनशिप’ नावाच्या एकाच प्रशासनाखाली होत्या. १८९९ मध्ये ऑस्टिन शिकागो शहरात सामील झाले, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ओक पार्कही वेगळे झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. आपल्याकडे अंधेरी किंवा मुलुंड उपनगर असले तरी पालिका मुंबईचीच. अमेरिकेत उपनगराची स्वतःची पालिका, स्वतःचे पोलीस, स्वतःच्या करावर चालणाऱ्या शाळा असतात. रस्ता ओलांडला की मुलाची शाळा बदलते आणि गस्तीचा पोलीसही बदलतो. त्यामुळे उपनगरात कोण राहू शकतो, या प्रश्नाला तिथे फार मोठी किंमत आहे.

१९५० मध्ये या तिन्ही ठिकाणी जवळपास सगळेच गोरे राहत. आज ऑस्टिनमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत. सिसेरोत दहातले जवळपास नऊ जण लॅटिनो, म्हणजे मुख्यतः मेक्सिकन वंशाचे आहेत. ओक पार्कमध्ये गोरे बहुसंख्य असले तरी पाचात जवळपास एक माणूस कृष्णवर्णीय आहे, आणि हे मिश्रण अनेक दशके टिकले आहे. जमीन तीच, शहर तेच, हवाही तीच. ‘माणसाचा स्वभावच तसा’ हे कारण खरे असते, तर तिन्ही गावांचे एकच झाले असते.

कागदावर आधी, जमिनीवर नंतर

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतली राज्ये सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. शिकागोत त्यांची संख्या १९४० मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास होती, १९६० मध्ये आठ लाखांवर गेली. एवढी माणसे राहायला हवीत कुठे? तर शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात, ज्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणत. त्या पट्ट्याबाहेर त्यांना कोण अडवत होते? सुरुवातीला बॉम्ब आणि दगड होते, पण दगडापेक्षा टिकाऊ निघाला तो कागद.

पहिला कागद खरेदीखताचा. एखाद्या रस्त्यावरचे घरमालक मिळून करार करत, की आपले घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. हा करार जमिनीबरोबर चालत असे. म्हणजे घर दहा हात बदलले तरी अट कायम. सेंट लुईस शहरातल्या अशाच एका घराचा खटला प्रसिद्ध आहे. १९११ च्या करारात ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या’ माणसाला तिथे मज्जाव होता, आणि शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ मध्ये ते घर घेतले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की असा करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाही. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्यातून बाजूला झाले होते. त्यांची स्वतःची घरेही अशाच करारांत बांधलेली असावीत, असे तेव्हापासून बोलले जाते.

दुसरा कागद कर्जाचा. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय वस्ती असली की लाल रंग जवळपास ठरलेला. त्यावरूनच ‘रेडलायनिंग’ हा शब्द आला. या नकाशांचा बँकांनी प्रत्यक्ष किती वापर केला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनच्या नियमांबद्दल वाद नाही. ही संस्था बँकेच्या गृहकर्जाला सरकारी हमी देई, आणि तिच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत वंशमिश्रित वस्ती म्हणजे जोखीम आणि वांशिक करार म्हणजे चांगली गोष्ट, असे धरलेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने स्वस्त गृहकर्ज मिळाले. या हमीवर आणि या कर्जावर अमेरिकेची उपनगरे उभी राहिली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन नावाची वसाहत १९४७ ते १९५१ या काळात उभी राहिली, त्यात १७ हजारांहून जास्त घरे होती. सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्यांशिवाय इतर कुणी तिथे राहू नये असे कलम होते. घरकाम करणारे नोकर तेवढे अपवाद! (हा अपवाद वाचताना आम्हाला आपल्याकडच्या टॉवरमधली वेगळी लिफ्ट आठवली.) बांधकाम करणारा विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होता, म्हणजे अमेरिकेत ज्यांना घरे नाकारली गेली त्यांच्यातलाच. त्याचे म्हणणे असे, की मी घरांचा प्रश्न सोडवतो आहे, वंशाचा प्रश्न माझ्या अखत्यारीत नाही.

मग ही गोरी उपनगरे ‘नैसर्गिक’ होती का? गोऱ्या कुटुंबाला शहरातल्या भाड्याच्या खोलीपेक्षा उपनगरातल्या स्वतःच्या घराचा हप्ता स्वस्त पडत होता. १९५६ नंतर सरकारने हायवे बांधले, गाडीने कामावर जाणे सोपे झाले. ते गेले, कारण जाण्यासाठी सरकार पैसे देत होते. कृष्णवर्णीय राहिले, कारण त्यांना तेच सरकार हमी देत नव्हते.

सिसेरो, जुलै १९५१

सिसेरो हे कामगारांचे उपनगर. चेक, पोलिश, इटालियन वंशाची कुटुंबे, आणि वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, जिथे भरभराटीच्या काळात ४० हजारांहून जास्त माणसे कामाला होती.

जून १९५१ मध्ये हार्वे क्लार्क नावाचा कृष्णवर्णीय तरुण बायको आणि दोन मुलांसह इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. महायुद्धात लढलेला, विद्यापीठात शिकलेला, पोटासाठी बस चालवणारा. सिसेरोच्या पोलिसांनी त्याला दारातच अडवून हुसकावले. तो न्यायालयात गेला, केंद्रीय न्यायालयाने पोलिसांना मनाई केली, आणि जुलैत त्याने सामान आणून ठेवले. ११ जुलैच्या रात्री सुमारे ४ हजारांचा जमाव त्या इमारतीवर चालून आला. सामान खिडकीतून खाली फेकले, मुलीचा पियानोही फोडला, आग लावली. दुसऱ्या दिवशी नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले.

११ जुलै ही तारीख आपल्या मनावर वेगळ्या कारणाने कोरलेली आहे. १९९७ मध्ये त्याच तारखेला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार करून आपले १० जण मारले. योगायोगच, पण वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

पुढचे तर आणखी ओळखीचे वाटेल. शंभरावर दंगेखोरांना अटक झाली, पण स्थानिक ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले ते भलत्यांवरच: ज्यांनी क्लार्कची बाजू मांडली ते वकील जॉर्ज लेटन आणि जिने फ्लॅट भाड्याने दिला ती घरमालकीण यांच्यावर. कारण काय, तर त्यांनी मालमत्तेचे भाव पाडण्याचा कट केला! ते आरोप नंतर मागे पडले. केंद्रीय ग्रँड ज्युरीने पुढे सिसेरोचे पोलीस प्रमुख आणि काही अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. लेटन पुढे केंद्रीय न्यायाधीश झाले, आज शिकागोच्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे. क्लार्क कुटुंब मात्र त्या घरात एक रात्रही राहू शकले नाही.

‘आपले लोक एकाच ठिकाणी गर्दी करतात’ असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे. क्लार्क गर्दी सोडून निघाला होता.

भाव कुणी पाडला?

आता त्या वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. शिकागोतली नॉर्थ लॉनडेल ही वस्ती १९५० मध्ये मुख्यतः ज्यू आणि गोरी होती: सुमारे ८७ हजार गोरे, १३ हजार कृष्णवर्णीय. दहा वर्षांनी गोरे ११ हजारांहून कमी, कृष्णवर्णीय १ लाख १३ हजारांवर. दहा वर्षांत अख्खी वस्ती बदलली. हे आपोआप झाले नाही, त्यामागे एक धंदा होता.

त्या धंद्याचे नाव ‘ब्लॉकबस्टिंग’. दलाल एखाद्या गोऱ्या रस्त्यावर एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकून देत. मग शेजाऱ्यांना रोज फोन, दारात पत्रके: ‘आता विका, उद्या कवडीमोल होईल.’ काही दलाल तर एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या रस्त्यावरून फिरायला लावत. घाबरलेला गोरा घरमालक पडेल भावात विकून उपनगरात पळे. तेच घर दलाल कृष्णवर्णीय कुटुंबाला बाजारभावाच्या कितीतरी वर विके. बँक त्यांना कर्ज देत नव्हती, कारण वस्ती लाल रंगात होती. म्हणून दलाल स्वतःच ‘कॉन्ट्रॅक्ट’वर हप्ते बांधून देई. या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर खरेदीदाराच्या नावावर होत नसे. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले, आणि दलाल तेच घर पुढच्याला विकायला मोकळा.

हप्ते फेडायला दोघेही नवराबायको दोन-दोन ठिकाणी काम करत, घरात भाडेकरू ठेवत, दुरुस्तीला पैसा उरत नसे. घरे पडायला लागत, शाळेत दोन पाळ्या भरत. मग लांबून पाहणारा गोरा म्हणे, बघा, ‘हे’ आले आणि एरिया बिघडला. म्हणजे भाव पाडला दलालाने, नफा घेतला दलालाने आणि बँकेने, आणि बदनामी आली ती ज्यांनी सर्वांत जास्त पैसे मोजले त्यांच्या वाट्याला. १९६८ मध्ये लॉनडेलच्या या खरेदीदारांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ नावाची संघटना काढली, एकत्र येऊन हप्ते थांबवले, आणि अनेकांचे करार नव्याने करून घेतले. आपल्या कार्यकर्त्यांनी या लढ्याचा स्वतंत्र अभ्यास करावा, इतका तो मोलाचा आहे.

लॉनडेल संपली की पश्चिमेला ऑस्टिन. १९६० मध्ये तिथे जवळपास सगळे गोरे, १९७० मध्ये सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय, १९८० मध्ये सुमारे तीन चतुर्थांश. तोच धंदा, तेच दलाल, एक एक रस्ता करत पुढे. आणि ऑस्टिन संपले की रस्त्यापलीकडे ओक पार्क.

ओक पार्कने काय वेगळे केले

ओक पार्क सुशिक्षितांचे, खात्यापित्या लोकांचे गाव. पण संत मंडळींचे नव्हे. पर्सी ज्युलियन हे थोर रसायनशास्त्रज्ञ, पण कृष्णवर्णीय. १९५० मध्ये त्यांनी तिथे घर घेतले तर राहायला येण्याआधीच ते जाळण्याचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी डायनामाइट फेकला. ज्युलियन हटले नाहीत. आज त्याच गावात त्यांच्या नावाची शाळा आहे. १९७० च्या जनगणनेतही तिथे कृष्णवर्णीय एक टक्कासुद्धा नव्हते.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, ११ एप्रिलला केंद्राचा समान गृहनिवास कायदा झाला. वंशावरून घर नाकारणे देशभर बेकायदा ठरले. त्याच वर्षी ओक पार्कने स्वतःचाही तसा कायदा केला. पण कायद्याने दलालाचा फोन थांबत नाही. म्हणून गावाने दलालाच्या हातातली हत्यारेच काढून घ्यायला सुरुवात केली. घरांवर ‘विकणे आहे’ या पाट्या लावायच्या नाहीत, कारण एका रस्त्यावर पाच पाट्या दिसल्या की सहावा घाबरतो. (पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीतल्या एका गावाची अशी बंदी रद्द केली. ते गाव म्हणजे विलिंगबोरो, पूर्वीचे तिसरे लेव्हिटाउन! ओक पार्कमध्ये मात्र दलालांनी स्वेच्छेने पाट्या लावणे टाळले.) भाड्याच्या इमारतींची पालिकेकडून नियमित तपासणी, म्हणजे मालकाला इमारत पडीक ठेवून पैसे उकळता येऊ नयेत. नवे पालिका भवन मुद्दाम पूर्वेला, ऑस्टिनच्या बाजूला बांधले. लोकांनी काय ते समजून घ्यावे: आम्ही इथून पळत नाही. घराचा भाव पडला तर भरपाई देणारी योजनाही काढली. थोड्याच घरमालकांनी त्यात नाव घातले, कारण भाव पडलाच नाही.

१९७२ मध्ये रोबर्टा रेमंड यांच्या पुढाकाराने ‘ओक पार्क हाउसिंग सेंटर’ सुरू झाले. घर शोधायला आलेल्या गोऱ्या कुटुंबाला ते पूर्वेकडची, कृष्णवर्णीय शेजार असलेली घरे दाखवी आणि कृष्णवर्णीयांना पश्चिमेकडची. दलाल जे करत होते, त्याच्या नेमके उलट.

यावर टीका आहे आणि ती खरी आहे. या सगळ्या खटाटोपात गोऱ्यांना ‘सांभाळून’ घेण्याचा सूर होता. कृष्णवर्णीय जास्त येऊ नयेत ही भीती मागे होतीच. ऑस्टिनच्या बाजूचे काही रस्ते गावाने बंद करून टाकले, ते पाहून पलीकडच्यांना काय वाटले असेल हे आपल्याला सांगायला नको. शिवाय ओक पार्कची घरे महाग, कर महाग, त्यामुळे तिथे पोचणारे कृष्णवर्णीयही बहुधा मध्यमवर्गीय. ऑस्टिनकडे ना स्वतःची पालिका होती, ना पैसा. आम्ही ओक पार्कला आदर्श म्हणत नाही. ‘एक घर आले की सगळी वस्ती बदलणारच’ हा जो नियम म्हणून सांगितला जातो, तो नियम नाही, एवढे मात्र त्या गावाने दाखवून दिले.

आणि सिसेरो? १९६६ मध्ये तिथे काम शोधायला गेलेल्या एका कृष्णवर्णीय पोराला मारहाण करून ठार केले गेले. त्यानंतर बरीच वर्षे कृष्णवर्णीयांनी त्या गावाचे नाव टाकले. हॉथॉर्न कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. जुन्या कामगारांची मुले दूरच्या उपनगरांत गेली, म्हातारी माणसे वारली, विटांची छोटी घरे स्वस्त झाली. शेजारच्या पिल्सन आणि लिटल व्हिलेजमधली मेक्सिकन कुटुंबे ती घेऊ लागली. १९९० मध्ये लॅटिनो एक तृतीयांशाहून थोडे जास्त, २००० मध्ये चारात तीन. इथे पळापळीपेक्षा कारखान्याचे बंद होणे मोठे कारण ठरले. गिरणगावातून १९८२ च्या संपानंतर कल्याण-बदलापूरकडे सरकलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गावाने तेव्हाही एक कागद काढून पाहिला: घरात किती माणसे राहू शकतात यावर मर्यादा. ती लॅटिनो कुटुंबांना रोखण्यासाठी आहे, असे म्हणत अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९३ मध्ये गावावर दावा लावला, आणि १९९७ मध्ये तो तडजोडीने मिटला.

सोंगट्यांचा खेळ

इथे कुणी शिकलेला मित्र थॉमस शेलिंग यांचे नाव घेईल. या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारख्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या मांडून दाखवले, की कुणालाही द्वेष नसला, प्रत्येकाला फक्त ‘शेजारी निदान थोडे तरी आपल्यासारखे असावेत’ एवढेच वाटत असले, तरी सरकता सरकता पट दोन रंगांत विभागला जातो. पुढे त्यांना नोबेल मिळाले. मॉडेल सुंदर आहे, घरी नाणी घेऊन करून पाहण्यासारखे आहे. पण त्या पटावर बँक नाही, दलाल नाही, दगड नाही. प्रत्येक सोंगटी हवी तिथे जाऊ शकते. हार्वे क्लार्क जाऊ शकला नाही. आणि कृष्णवर्णीयांना काय हवे होते? १९७६ मध्ये डेट्रॉइटमध्ये विचारले गेले, तेव्हा बहुतेकांनी पसंती दिली ती निम्मे-निम्मे मिश्र वस्तीला.

आता आपल्याकडे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, हे काही जण आमच्या अंगावर टाकतील. टाकावेच. ती मागणी होती गावकुसाबाहेर, सवर्णांच्या जमिनीवर, त्यांच्या मर्जीवर जगणाऱ्यांसाठी; जमीन आणि सत्ता हातात देणारी. स्वतःच्या ताकदीने एकत्र राहणे वेगळे आणि दुसरीकडची दारे बंद म्हणून एकत्र राहणे वेगळे. विहाराभोवती आपली घरे असावीत असे वाटण्यात काहीच गैर नाही. फक्त ते आपण निवडलेले आहे का, हे प्रामाणिकपणे विचारायला हवे. १९१७ मध्ये बडोद्यात शिंदे, जोशी, कुलकर्णी कुणाच्याच घरात खोली मिळणार नाही म्हणून बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ती त्यांची निवड नव्हती.

कायद्यात तर आपण अमेरिकेच्या उलट दिशेला गेलो आहोत. तिथे १९४८ मध्ये वांशिक कराराला न्यायालयाची दारे बंद झाली. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व फक्त पारशांनाच देण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. त्या संस्थेची बाजू एका अल्पसंख्य समाजाची होती हे मान्य, पण त्या निकालाचा आधार घेऊन कोणत्या सोसायट्या कोणाला दार लावतील, याचा विचार करा. आणि खासगी घरमालकाने जातीवरून भाड्याने घर नाकारले, तर त्यासाठी १९६८ सारखा स्वतंत्र कायदा भारतात नाही.

पण एक हत्यार आहे आणि ते कुणीही उचलू शकतो. अमेरिकेत समान गृहनिवासाचे कार्यकर्ते ‘टेस्टर’ पाठवत. सारखे उत्पन्न, सारखे शिक्षण असलेली दोन माणसे, एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय, त्याच दलालाकडे काही तासांच्या अंतराने जात. एकाला फ्लॅट रिकामा, दुसऱ्याला भरलेला. दोघांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या की पुरावा तयार. १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की खोटी माहिती मिळालेला टेस्टर स्वतः दावा लावू शकतो. याच पद्धतीने डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सवर्ण हिंदू नावाने विचारले तर घर मिळे, दलित नावाला कितीदा तरी नकार किंवा जादा अटी, आणि मुस्लिम नावाला सर्वांत जास्त नकार.

हे आपल्या शहरात, आपल्या मोहल्ल्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये करून पाहायला दोन मित्र, दोन फोन आणि एक वही पुरते. तारीख, वेळ, दलालाने काय विचारले, काय सांगितले, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचे. घर विकत घेत असाल आणि सोसायटी टाळाटाळ करत असेल, तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. सहकारी संस्थेत खुले सदस्यत्व हे तत्त्व आहे, पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. ब्रोकर आडनाव विचारेल तेव्हा ते सांगा, आणि त्याने काय उत्तर दिले ते वहीत लिहा.